बिनमोटरीचा नळ

करंजाला नवी पालवी फुटली की माझं डोकं फिरायला लागतं. बाकीच्या जगाला ती पालवी बघून बरं वाटतं म्हणे. येलहंक्याच्या जुन्या गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी करंजाची चार-दोन झाडं अजून उभी आहेत. इथे कन्नडमध्ये त्यांना होंगे म्हणतात. थंडी ओसरली की ती सगळी पानं टाकून उघडीबोडकी होतात, आणि मग एका सकाळी दार उघडावं तर लकाकत्या पोपटी पानांनी भरलेली. पाठोपाठ फिकट जांभळी फुलं गळायला लागतात. सगळा रस्ता कुरमुरे सांडल्यासारखा दिसतो आणि झाडणाऱ्या बाईच्या खराट्याखाली ती फुलं चुरचुरतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी नळाकडे बघते.

कारण पालवी आली म्हणजे उन्हाळा आला, आणि उन्हाळा आला म्हणजे आमच्या गल्लीत मोटरी घुमायला लागणार.

आमच्याकडे कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं. पहाटे वॉटरमन येऊन कोपऱ्यावरचा वॉल्व्ह उघडतो, आणि पाणी घराघराच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. त्या टाकीला इथे संप म्हणतात. माझ्या कचेरीत पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलीला मी सांगितलं, आमचा संप आज कोरडा आहे, तर ती बिचारी माझ्याकडे सहानुभूतीने बघत म्हणाली, मागण्या काय आहेत तुमच्या? मागणी एकच गं बाई, मी म्हटलं, पाणी. संपातून मग ज्याच्या त्याच्या पंपाने पाणी गच्चीवर चढवायचं, ते सगळेच करतात आणि त्यात काही वावगं नाही. वावगं आहे ते दुसरंच. रस्त्याखालून जी सगळ्यांची मिळून एक पाइप जाते, तिलाच सरळ मोटर जोडायची. म्हणजे पाणी आपल्याकडे येण्याची वाट बघायची नाही, ओढून घ्यायचं. नियमात बसत नाही. पण नियम वाचायला पहाटे कोण येतंय?

आम्ही मराठी, पण आमचं घराणं इथे कधी आलं ते विचारू नका, आमच्या आजोबांनाही नीट माहीत नव्हतं. आमच्या मराठीत अण्णा आणि अक्का आहेत, स्वल्प आहे, सरी आहे. नवी मंडळी ते ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत. पाडव्याला आम्ही गुढीही उभारतो आणि कडुलिंब-गुळाचं बेवु-बेल्लाही खातो, दोन्हीकडचं सोडायचं नाही असा आमचा बेत. हे सांगायचं कारण, या गल्लीत मी परकी नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात माझं जाणंयेणं आहे. परक्या माणसाला ताठ राहायला काही लागत नाही. आपल्याच माणसांत ताठ राहायचं म्हणजे मान दुखते.

तो उन्हाळा, ज्याची आठवण मला ही पालवी दरवर्षी करून देते, तो वेगळाच होता. त्या वर्षी गल्लीतली बोअर आटली. अगोदर पाण्यात वाळू आली, मग नुसती हवा, मग तीही नाही. टँकरला फोन करावा तर समोरचा माणूस उद्या म्हणायचा आणि त्याचा उद्या कधी उजाडायचा नाही. आमची गल्ली अरुंद, त्यामुळे मोठा टँकर आत येईना, आणि छोट्या टेम्पोवाल्याला भाव चढलेला. इंदिरानगरातल्या हॉटेलांनी कागदी ताटल्या काढल्याच्या बातम्या होत्या. बसमध्ये, कचेरीत, भाजीच्या गाडीपाशी, दुसरा विषय नव्हता. वारा असा कोरडा की ओठावरून जीभ फिरवली तर धूळ लागायची.

पहिली मोटर लावली नागराजण्णांनी. ते आमच्या समोरच्या घरातले. आता नागराजण्णा कुणी दुष्ट माणूस आहेत असं समजू नका. आमचे हे स्कूटरवरून घसरले होते तेव्हा याच माणसाने त्यांना उचलून रिक्षात घातलं होतं आणि प्लास्टर होईपर्यंत शेजारी बसून होता. देवमाणूस म्हणावा असा. त्यांच्याच घरून त्या पहाटे घुर्र असा आवाज आला. मी बिंदगी घेऊन नळापाशी उभी होते. बिंदगी म्हणजे आमच्याकडची प्लॅस्टिकची घागर, रंगीबेरंगी.

"नागराजण्णा, मोटर काय?" मी विचारलं.

"स्वल्प वेळ अक्का," ते म्हणाले. "सून आजारी आहे. स्वल्प वेळ लावतो, मग बंद."

स्वल्प म्हणजे थोडं. या शहरात सगळ्या मोठ्या गोष्टी स्वल्पच असतात. रिक्षावाला स्वल्प जास्त मागतो, बिल्डर स्वल्प रस्ता आत घेतो.

नागराजण्णांचं बघून शेजारच्या टीचरांनी लावली. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. प्रत्येकाचं म्हणणं तेच, आणि खोटं नव्हतं: शेजारी ओढतोय, मी नाही ओढलं तर मला थेंब मिळणार नाही. बघता बघता गल्ली घुमायला लागली. एक मोटर जाड आवाजाची, एक किरकिरी, एक मध्येच खोकायची. पहाटेच्या वेळी पूर्वी कोकिळा ऐकू यायची, तिला आता गप्प बसावं लागलं. मी अंथरुणातूनच ओळखायला लागले, ही कुणाची आणि ती कुणाची.

वाईट माणसं असती तर मला सोपं गेलं असतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण ही सगळी माझी माणसं. माझ्या घरी हळदीकुंकवाला येणारी, उगादीला पुरणाच्या होळिगे पाठवणारी. त्यांना चोर म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि त्यांच्या ओळीत जाऊन उभं राहायला पाय रेटत नव्हते.

माझं ठरलं ते एका सकाळी. वॉल्व्ह उघडला होता, गल्ली घुमत होती आणि आमचा नळ कोरडा. बंद पडलाय का बघावं म्हणून मी तोंडाशी हात नेला, तर माझा तळहात नळाला चिकटला. नळ आत ओढत होता. पाणी द्यायचं सोडून हवा खात होता, माझा हात खात होता. सर्र असा बारीक आवाज येत होता. मी हात सोडवून घेतला, तळव्यावर गोल लाल वळ उठला होता. तेव्हा मला कळलं की मोटर पाणी आणत नाही. पाणी जेवढं आहे तेवढंच आहे. मोटर ते दुसऱ्याच्या घरातून आणते. आज माझ्या घरातून ओढतायत, उद्या मी मोटर लावली की माझ्या पुढच्या घरातून ओढीन. हे काही मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घराण्यात कुणी थोर झालेलं नाही, तत्त्वाची आम्हाला सवय नाही. पण हाताला जे कळलं ते कळलं. मी म्हटलं, हे आपल्याच्याने होणार नाही.

आता पुढच्या घराबद्दल. गल्लीचं शेवटचं घर पार्वतम्मांचं. पाइप तिथे संपते, त्यामुळे सगळ्यांचं ओढून झालं की उरेल ते त्यांचं. तुम्ही म्हणाल, गरीब बिचारी म्हातारी असेल, हिला तिची दया आली असेल. कसली दया? पार्वतम्मांशी माझं कधी म्हणजे कधी पटलं नाही. आमच्या शेवग्याचा पाला त्यांच्या दारात उडतो म्हणून त्यांनी मला भर गल्लीत काय काय सुनावलं आहे. रेणूच्या लग्नात जेवून गेल्या आणि रस्समला मीठ नव्हतं म्हणून सगळ्यांना सांगत सुटल्या. त्यांनीही मोटर आणली होती बरं का. पण शेवटच्या घराला ओढायला काही उरतच नव्हतं, मोटर नुसती हवेवर फिरली आणि जळाली. तेव्हा साधुत्व त्यांच्याकडेही नव्हतं. मला त्या आवडत नाहीत, आजही नाहीत.

रेणू म्हणजे माझी मुलगी. तिला दावणगेरेला दिली आहे. त्या उन्हाळ्यात तिचं पहिलं बाळंतपण होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे आमच्याकडे आकाशातल्या सूर्यासारखं ठरलेलं. मी तर ती लहान होती तेव्हापासून या बाळंतपणाची वाट बघत होते म्हणा ना. तांब्याचा हंडा चिंच लावून घासून ठेवला होता. डिंक, आळीव, खोबरं आणून ठेवलं होतं. मऊ झालेल्या जुन्या साड्या धुऊन त्यांची दुपटी शिवली होती. आणि आमच्याकडचं बाळंतपण म्हणजे पाणी. अंगाला तेल जिरवायचं आणि मग कढत पाण्याच्या बादल्यांवर बादल्या, बाईची कंबर शेकून निघेपर्यंत. मग बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. मग दुपटी, लंगोट, तेलकट कपडे. घराचं अर्धं पाणी न्हाणीघरात जातं.

आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी चिकपेटच्या बाजारातून येताना खोकं आणलं.

"काय आहे?"

"मोटर," ते म्हणाले.

"कशाला?"

"सगळ्यांनी लावलीय."

मोहनराव, म्हणजे आमचे हे, भांडणाचे नाहीत. चार लोक जिकडे जातात तिकडे जावं, वाटेत कुणाला धक्का लागू नये, हा त्यांचा धर्म. मला त्यांचा हा स्वभाव आवडतो. पण त्या दिवशी नाही आवडला.

"सगळ्यांनी लावलीय हे काय कारण झालं? उद्या सगळे रस्त्यावर कपडे सोडून फिरायला लागले म्हणजे?"

"तू नको तिथे फाटे फोडू नकोस. रेणू येतेय. तिला काय एका बिंदगीत न्हाऊ घालणार?"

मी खोकं जिन्याखाली ढकललं.

रेणू आली. पाय सुजलेले, चेहरा भरलेला, आल्या आल्या उंबऱ्यातच विचारलं, तोतापुरी आणलीस? मी आणली होती. रोज संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसून तिखटमीठ लावून कैरीच्या फोडी खायची आणि दावणगेरेच्या गमती सांगायची, आणि मला वाटायचं, आता काही नको. पाण्याचं मी माझ्या परीने बसवलं होतं. सगळ्यांचे संप भरले, मोटरी गप्प झाल्या, की वॉल्व्ह बंद व्हायच्या आधी आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. मी कचेरीला जायच्या आधी तिच्याखाली पातेली, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा लावायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, भांड्यांचं पाणी संडासात. दोघांचं भागत होतं. रेणू आल्यावर ओढाताण व्हायला लागली. बाळ आल्यावर काय, हा विचार मी करत होते आणि करतही नव्हते.

एक दिवस कचेरीतून आले तर रेणू गच्चीवर केस वाळवत बसली होती. डोक्यावरून मनसोक्त न्हाली होती, शिकेकाईचा वास जिन्यापर्यंत येत होता. किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुललेला पाहिला. मी संपाचं झाकण उचललं. काठोकाठ पाणी. त्या पाण्यात आभाळाचा तुकडा दिसत होता. खोटं कशाला बोलू, पाणी बघून मला आनंद झाला. गुडघ्यावर बसून मी बराच वेळ बघत राहिले. मग नळाच्या पाइपवर नवी कोरी मोटर दिसली.

माझ्या पाठीमागे, मी कचेरीत असताना ह्यांनी प्लंबर बोलावून काम उरकलं होतं. त्या दिवशी पाणी दुपारी आलं होतं, तेही साधलं.

ते पाणी मी ओतून टाकलं नाही, एवढी वेडी नाही मी. पण सकाळी त्याच प्लंबरला फोन केला आणि मोटर काढायला सांगितली. त्याला वाटलं, बिघडली. आल्यावर त्याने ती चालवून बघितली, उत्तम चालत होती.

"काढायची?" तो म्हणाला. "अक्का, लावायला सगळे बोलावतात. काढायला कुणी बोलावलं नव्हतं अजून."

"मग आज बोलावलंय," मी म्हटलं.

रेणू दारात येऊन उभी राहिली. एक हात पोटावर, एक कमरेवर. ती माझ्यावरच गेली आहे, गप्प बसायची नाही.

"आई, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मला इथेच राहायचंय. नंतर काढ ना."

"तीन महिन्यांत पार्वतम्मांचं जे पाणी ओढू ते नंतर परत देणार आहोत का?"

"तुला ती बाई आवडतसुद्धा नाही."

"नाहीच आवडत. म्हणून हिसकावून घ्यायचं?"

"पण तू सोडलेलं पाणी पार्वतम्मांना जातंय का? तेही नागराजमामांच्या संपात जातंय. तुझ्या हट्टाने कुणाचं भलं झालं, सांग ना."

हिशेब तिचा बरोबर होता. मी सोडलेला थेंब न् थेंब समोरच्या संपात जात होता. मला ते ठाऊक होतं, तिने सांगायला नको होतं.

"जाऊ दे जातंय तिकडे," मी म्हटलं. "ते त्यांनी बघावं. माझ्या हाताने ओढणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

"आणि मी? मी तुझ्या हातात नाही?"

प्लंबर पाना घेऊन माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, काढ. त्याने काढली. रेणू आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग जे व्हायचं ते झालं. विहीणबाईंचा दावणगेरेहून फोन आला. त्यांच्या अंगणात स्वतःची बोअर, तिला भरपूर पाणी. "तिला इथेच पाठवा," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील माहेरच्यांनी अंग काढून घेतलं, पण आता इलाज काय?" जावई गाडी घेऊन आले. रेणू माझ्या पाया पडली, डोळ्यांत बघितलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन त्या घासलेल्या हंड्याशी बसून रडले. चांगलं मोठ्याने रडले. रडताना मला एकदाही वाटलं नाही की मोटर ठेवायला हवी होती. दुःख होतं आणि पश्चात्ताप नव्हता, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गल्लीला विषय मिळाला. पोटच्या मुलीला पाण्यासाठी सासरी धाडली म्हणे. टीचर समजावायला आल्या. नागराजण्णा म्हणाले, "एल्लारू माडतारे अक्का," सगळेच करतात. आणि सगळ्यात कमाल म्हणजे पार्वतम्मा. रिकामी बिंदगी कमरेवर घेऊन माझ्या फाटकाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तले केट्टिदे निमगे." डोकं बिघडलंय तुमचं. "तुम्ही घेतलं असतं तर तुमचं तरी भागलं असतं." मी म्हटलं, "सरी," म्हणजे बरं. आणि फाटक लावून घेतलं. जिच्यासाठी मी करतेय असं सगळ्यांना वाटत होतं तिनेच मला वेडी ठरवलं, तेव्हा एका अर्थी माझी सुटका झाली. मग ते तिच्यासाठी नव्हतंच. मला कुणाचे आभार नको होते, म्हणून कुणी न मानल्याचं वाईटही वाटायचं कारण उरलं नाही.

त्या रात्री जेवताना मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, इतकं सोपं होतं की आधी कसं दिसलं नाही. माहेर दावणगेरेला जाऊ शकत नाही असं कुणी सांगितलं? मी कचेरीत रजेचा अर्ज दिला, आळीव, डिंक, दुपटी, सगळं दोन पिशव्यांत भरलं, हंडासुद्धा चादरीत गुंडाळला आणि ह्यांना म्हटलं, मला रेल्वेत बसवून द्या.

"लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण?" त्यांनी घास हातात धरून विचारलं. "असं कुणी करतं का?"

"मी करते," मी म्हटलं.

आमच्याकडे जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. राहायचं तर नावच नको. मी उन्हातून जाऊन ओसरीवर टेकले तशा विहीणबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, आणि देऊ की नको अशा उभ्या राहिल्या. "तुमच्यात चालत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी पेला घेतला आणि सगळा प्यायले. त्यांच्या अंगणातली बोअर निदान माझ्या डोळ्यांदेखत कुणाच्या नळातून ओढत नव्हती.

"लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या.

"लोकांना विचारून मी मोटर काढली नाही," मी म्हटलं. "लोकांना विचारून बाळंतपणही करायची नाही. चूल कुठे मांडू ते सांगा."

त्या आठवड्यात नात झाली. पहिली आंघोळ मी घातली. पायांवर आडवी घेतली, कोमट पाणी तळहाताने छातीवर सोडलं, तशी मुठी आवळून ओरडली बया. रेणू खाटेवरून बघत होती. तिच्या पाठीला मी रोज तेल लावायची, तेव्हा तिची पाठ माझ्या हाताखाली हळूहळू सैल होत जायची. पण बोलायची कामापुरतं. तापलं का, झालं का, बस. मीही जास्त बोलले नाही. हात चालत होते, तेवढं पुरे होतं. रजा संपेपर्यंत राहिले आणि परत आले.

परत आले तर पाऊस होऊन गेला होता, करंजाला शेंगा लटकल्या होत्या आणि गल्लीत मोटरी तशाच. कुणी काढली नाही. माझं बघून एखाद्याला लाज वाटली असेल, निदान एकाने तरी ओढायचं थांबवलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही घडलं नाही. त्यानंतर उन्हाळे आले आणि गेले. दरवर्षी पालवी फुटते, दरवर्षी घुर्र सुरू होतं, आणि दरवर्षी कुणीतरी मला विचारतं, काय मिळालं तुला? चांगली शिकलेली माणसं विचारतात. मला हा प्रश्नच कळत नाही. खोटं न बोलणाऱ्याला कुणी विचारतं का, आज खरं बोलून किती कमावलंस? एकटीने काय होणार, हे मला सांगायची गरज नाही. एकटीने काय होतं ते मी रोज सकाळी करंगळीएवढ्या धारेत बघते. काही होत नाही. पण म्हणून मी काय करायचं हे गल्लीने ठरवायचं, असं कुठे आहे? गल्ली मला मीठ-साखर देईल, आजारपणात धावून येईल, मी मेल्यावर खांदाही देईल. माझा हात मात्र माझ्याच मनगटाला आहे.

तुम्ही म्हणाल, ही बाई स्वतःला फार शहाणी समजते. समजते. तेवढं एक सुख तरी ठेवा माझ्याकडे.

यंदा रेणू सुट्टीला आली आहे. नात आता बोबडं बोलते, मराठी आणि कन्नड यांची मिसळ करून, अगदी आमच्यासारखी. आज पाण्याचा दिवस होता. गल्ली घुमून घुमून गप्प झाली, उन्हं भिंतीवर आली, आणि आमच्या नळाला धार लागली. नात धारेखाली हात धरून किंचाळत होती, पाणी तिच्या कोपरावरून बादलीत पडत होतं. आमचे हे पातेली आणून रांगेत मांडत होते. अजून पुटपुटतात, पण मांडतात. रेणू पायरीवर बसून बघत होती. मग म्हणाली, "आई, मी अजून विसरले नाहीये हं. मला पाठवलंस ते."

तिचा आवाज वर चढला नव्हता, म्हणूनच मला ते फार लागलं. क्षणभर वाटलं, माफी मागून टाकावी. लेक आहे, मागितली तर काय बिघडतं. शब्द ओठापर्यंत आले. पण माफी मागायची म्हणजे पुन्हा तसं करणार नाही असं म्हणायचं, आणि मी पुन्हा तसंच केलं असतं. तिला खोटं सांगणं माझ्याच्याने होईना.

"विसरू नकोस," मी म्हटलं. "पण ती भरलेली बादली आत ने आधी, धार जाईल."